चौकटीत दोन हात

भोपाळमध्ये राहायला आल्यावर रस्त्यावरचे फोटो काढायला शिकायचं ठरवलं. ठाऊक होता तो एकच नियम, तृतीयांशाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ सुरू केलं की पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा उमटतात; त्या जिथे छेदतात तिथे मुख्य वस्तू ठेवायची. चौक बाजारात कुदसिया बेगमांनी बांधवलेल्या जामा मशिदीचा मिनार मी नेमका त्या छेदावर आणला. फोटो देखणा आला, पण त्यात घडत काहीच नव्हतं.

मग माणसांकडे वळलो. जवळ जायचा धीर होईना, म्हणून लांबूनच झूम करून एका बटवेवाल्याचा चेहरा टिपला. तो कुणाशी तरी घासाघीस करत होता. फोटोत उरली नुसती दाढी आणि कुठेतरी पाहणारे डोळे. गिऱ्हाईक कापलं गेलं, त्याबरोबर गोष्टही गेली.

“को खां, क्या खींच रिये हो?” एका आजोबांनी हटकलं आणि शेजारी पटियावर बसवून घेतलं. पटिया म्हणजे घरा-दुकानापुढची दगडी फरशी. जुन्या भोपाळच्या गप्पा तिथेच रंगतात. खाली बसल्यावर कॅमेराही बसलेल्या माणसांच्या नजरेला आला. आजोबांना विचारूनच फोटो काढू लागलो. समोर चहाचा ग्लास या हातातून त्या हातात जात होता. हात एकमेकांवर आले की फोटोत नुसता काळा गोळा दिसे. मधे बोटभर फट राहिली, की देणारा कोण आणि घेणारा कोण ते कळे. त्या फटीसाठी थांबायचं.

रात्री छायाचित्रकार रघू राय यांचा डिसेंबर 1984 मधला फोटो पुन्हा पाहिला. भोपाळच्या वायुकांडात गेलेल्या अनाम बालकाचं दफन. फोटोत जवळपास काहीच नाही: माती, चेहरा आणि एक हात. माझ्या झूमपेक्षाही जवळून घेतलेला, सगळं गाव कापून टाकणारा. तरी गोष्ट शाबूत, कारण तो हात आत ठेवला आहे. या शहरात कॅमेरा काढताना तो फोटो आठवतोच, आणि आठवायलाच हवा असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांना त्यांचा फोटो दाखवला. हात स्वच्छ सुटे, मधे ग्लास. त्यांनी मात्र कडेच्या अर्ध्या खांद्यावर बोट ठेवलं. “ये कौन है?”

कडा पाहायच्या राहूनच गेल्या होत्या.