पत्राचा मुक्काम

कागदी पत्राला एकच देह असतो. ते टपालपेटीत असेल तेव्हा पोस्टमनच्या झोळीत नसते, आणि आजीच्या ट्रंकेत असेल तर ते वाचायला आजीकडेच जावे लागते. ई-मेलचे तसे नाही. त्याला कागद नाही, शाई नाही, वजनही नाही. मग ते पत्र मुक्कामाला असते तरी कोठे? प्रश्न पोरकट वाटतो खरा. परंतु ज्याला त्याचे उत्तर ठाऊक असते, तोच आपली पत्रे नीट जपू शकतो.

1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्याने जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले. पत्त्यासाठी त्याने ‘ॲट’ हे वाटोळे चिन्ह योजिले. चिन्हाच्या डावीकडे मनुष्याचे नाव आणि उजवीकडे त्याच्या संगणकाचे. आज उजवीकडे त्याच्या टपालघराचे नाव असते. हे टपालघर म्हणजे सर्व्हर, रात्रंदिवस जागा असलेला दूरचा संगणक. येणारे प्रत्येक पत्र प्रथम तेथे उतरते. तेथून ते वाचकापर्यंत येण्याच्या वाटा मात्र मुख्यतः तीन.

पहिली वाट ‘पॉप’ची. ती 1984 साली आखली गेली. या रीतीत पत्रे सर्व्हरवरून आपल्या संगणकात उतरवून घेतली जातात आणि, वेगळी सूचना दिली नसेल तर, सर्व्हरवरून पुसली जातात. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा संगणक टेलिफोनच्या तारेने जोडावा लागे. जोडणी जितका वेळ चाले, तितका खर्च वाढे. अशा वेळी पत्रे भरभर उतरवावीत, जोडणी तोडावी आणि मग ती निवांत वाचावीत, हेच शहाणपणाचे होते. परंतु एखाद्या आईने परदेशी गेलेल्या मुलाची दहा वर्षांची पत्रे अशा एकाच संगणकात साठविली आणि तो संगणक कायमचा बंद पडला, तर? घागर फुटली की पाणी गेलेच!

दुसरी वाट ‘आयमॅप’ची. 1986 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ती घडविली. येथे पत्रे सर्व्हरवरच राहतात. विहीर एक आणि पोहरे अनेक, तसा हा प्रकार होय. मोबाईलवर वाचलेले पत्र घरच्या संगणकावरही वाचलेले दिसते. मात्र एका ठिकाणी पुसलेले पत्र सर्वच ठिकाणांहून नाहीसे होते, हे विसरून चालत नाही.

तिसरी वाट सर्वांत सोपी. 4 जुलै 1996 रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ सुरू केले. इंटरनेटची पाने दाखविणारा कोणताही संगणक मिळाला, की आपला पत्ता आणि परवलीचा शब्द लिहावा. पत्रे समोर हजर! घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही सायबर कॅफेत बसून आईचे पत्र वाचता येऊ लागले. तथापि परक्या संगणकावरून उठताना ‘लॉग आउट’ करायचे राहिले, तर मागून येणाऱ्याला दार उघडेच सापडते.

आज हे दार फार मोलाचे झाले आहे. इतर अनेक खात्यांचे विसरलेले परवलीचे शब्द ई-मेलद्वाराच बदलता येतात. म्हणून ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा! यासाठीच परवलीच्या शब्दाबरोबर दुसरी कडी घालण्याची सोय असते. मोबाईलवर येणारा संकेतांक ही ती कडी. तो संकेतांक कोणी कितीही गोड बोलून मागितला, तरी देऊ नये.

सर्व्हरलाही अमरपट्टा नाही. दीर्घकाळ न उघडलेली खाती काही कंपन्या काढून टाकतात. म्हणून जिव्हाळ्याची पत्रे दोन ठिकाणी असावीत. एक सर्व्हरवर, दुसरी आपल्याजवळ. हे काम फार कष्टाचे नाही. घरातील वडीलधाऱ्यांना ते येत नसेल, तर मुलांनी त्यांच्याजवळ बसून, घाई न करता, शिकवावे. त्यांच्या खात्यात कदाचित अशी पत्रे असतील, की जी लिहिणारे हात आता पुन्हा लिहिणार नाहीत.