केळु आणि केळे

सीमाभागातील मराठी शाळांविषयी जे लिहिले जाते, त्यातले बहुतेक शाळेच्या कुंपणाबाहेरचे असते. १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असलेला दावा, राज्यघटनेचे ३५० अ हे कलम, हे सारे आम्हीही लिहीत आलो आहोत आणि पुढेही लिहू. परंतु पाचवी ते सातवीच्या वर्गात फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला दाव्याची पुढची तारीख कामाची नसते. त्याच्यापुढे मुले असतात, बहुधा दोन इयत्तांची एकाच खोलीत, आणि हाताशी जेमतेम चाळीस मिनिटे. आमच्यापैकी काहींनी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आणि काहींनी निपाणीकडे अशा वर्गांत वर्षे काढली. तेथे जे उपयोगी पडले, त्यातील थोडे येथे नोंदवीत आहोत.

आरंभ भाषेपासूनच करू. आमच्या मुलांच्या तोंडी 'बस आलं', 'खुर्ची मोडलं' अशी वाक्ये सहज येतात. शिक्षक ऐकतो, 'आली म्हण' असे सांगतो, मूल 'आली' म्हणते आणि मधल्या सुट्टीत पुन्हा 'बस आलं'. हा निष्काळजीपणा नव्हे. मुलाच्या कानांत दोन व्याकरणे एकाच वेळी वाजत असतात. कन्नडमध्ये माणसांसाठी 'अवनु' आणि 'अवळु', निर्जीव वस्तूंसाठी मात्र सरसकट 'अदु'. मराठीत दगड तो, खुर्ची ती आणि घर ते. हा भेद मुलांना सांगण्यापेक्षा त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. फळ्यावर दोन्ही भाषांचे तीन-तीन रकाने आखावेत आणि मामा, आजी, दगड, खुर्ची, घर हे पाच शब्द मुलांना आपापल्या जागी बसवायला सांगावेत. कन्नडकडचे तीन शब्द एकाच रकान्यात जाऊन पडतात आणि मराठीकडचे पांगतात. सहावीतला एक मुलगा हे पाहून म्हणाला होता, "सर, कन्नडात लई सोपं आहे की!" ते त्याचे म्हणणे खरेच होते. खुर्ची 'ती' का, असे एका मुलीने विचारले, तेव्हा यामागे तर्क नाही, ऐकून ऐकूनच कळते, असे आम्ही सरळ सांगितले. पंधरा मिनिटांच्या या खेळानंतर मुले एकदम शुद्ध बोलू लागतात असे नाही. मात्र 'बस आलं' म्हणताच ती स्वतःच थबकतात, आणि शिक्षकाचे अर्धे काम तेथे झालेले असते.

चळवळीतील काही मित्रांना हे रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. मराठी शाळेत आधीच दुसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी कन्नड आता मराठीच्या तासालाही कशाला, असा प्रश्न ते विचारतील. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने राज्यातील प्रत्येक शाळेत कन्नड शिकवणे बंधनकारक झाले आहे. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, आणि त्यात आमची बाजू आम्ही सोडलेली नाही. पण वर्गात आलेले कन्नड वर्गाबाहेर घालवता येत नाही. मग ते मराठीच्या व्याकरणासाठी राबवावे, हे शहाणपणाचे. मराठीचे वेगळेपण दाखवायला शेजारच्या भाषेइतका चांगला आरसा दुसरा कोणता असणार?

'आम्ही' आणि 'आपण' ही जोडी घ्या. कन्नडमध्ये दोहोंना 'नावु' एवढे एकच सर्वनाम. मराठीत मात्र 'आम्ही सहलीला जाणार' आणि 'आपण सहलीला जाणार' यांत ऐकणारा बसमध्ये बसणार की घरी राहणार, याचा निकाल लागलेला असतो. मुलांना हा खेळ फार आवडतो. त्यातूनच वर्गाची शिस्त लावण्याची एक वाट आम्हांला सापडली. वर्षारंभी भिंतीवर लावायचे नियम 'तुम्ही'ने न लिहिता 'आपण'ने लिहावेत. 'आपण घंटेनंतर पाणी प्यायला जात नाही' असे लिहिले की शिक्षकालाही तांब्या खाली ठेवावा लागतो, आणि मुले त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. (या लेखात आम्ही सारखे 'आम्ही' लिहितो आहोत. त्यात वाचक धरला आहे की नाही, असे एखाद्या सातवीतल्या मुलीने नक्की विचारले असते.)

दुसरे साधन जुळ्या शब्दांच्या वहीचे. 'केळु' म्हणजे कन्नडमध्ये ऐक किंवा विचार, आपले केळे तर फळ. 'बा' म्हणजे ये, आणि आपला बा म्हणजे बाप. 'ऊट' म्हणजे जेवण. शाळेतल्या अक्षर दासोहाच्या जेवणामुळे हा शब्द पहिलीपासून कानांवर असतो, तरी 'ऊठ' आणि 'ऊट' यांवर मुले दर वर्षी नव्याने हसतात. 'हालु' म्हणजे दूध, आपले हाल निराळे. तूप आणि 'तुप्प' यांचे नाते दाखवले की हसणे थांबते आणि कुतूहल सुरू होते. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द दोन्ही घरचे. प्रत्येक मुलाने आठवड्याला एक जोडी घरून शोधून आणायची, एवढाच नियम.

या वहीचा खरा लाभ कोणाला झाला, ते सांगतो. आई कन्नड बोलणारी आणि वडील मराठी, असा एक मुलगा पाचवीत आला. आधीच्या शाळेत वर्गात कन्नड शब्द उच्चारला की नावापुढे फुली मारण्याची प्रथा होती. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, पण फुलीला छळ म्हणण्याची कोणाची तयारी नसते. हा मुलगा पहिले सत्र जवळजवळ मुका होता. शब्दांच्या वहीसाठी इतर मुले घरोघर विचारत फिरू लागली, तेव्हा याच्या घरातच खजिना असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. 'तुझ्या आईला विचार ना', अशी आर्जवे सुरू झाली. दिवाळीनंतर तो फळ्यापाशी येऊन बोलू लागला, आणि मराठीतच बोलू लागला.

आता दोन इयत्ता एका खोलीत असण्याविषयी. सातवीला गणित शिकवताना सहावीला 'वाचत बसा' म्हणणे हे काम देणे नव्हे, ती गप्प राहण्याची विनंती आहे आणि ती पाच मिनिटांत फेटाळली जाते. स्वयंअध्ययनाचे काम असे असावे, की ते संपल्याचे मुलाला स्वतःला कळेल: या उताऱ्यातली सगळी क्रियापदे शोधा, शेजाऱ्याशी ताडून पाहा, फरक पडला त्यांवर खूण करा. हे काम फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात तास सुरू होण्यापूर्वीच लिहिलेले हवे. अडले तर आधी वही, मग शेजारी, मग गटप्रमुख, आणि शेवटी गुरुजी. गटप्रमुख दर सोमवारी बदलावा. वर्षभर एकच ठेवला, तर तो दुसरा मुख्याध्यापक होतो.

वर्ग शांत करायला ओरडू नये. शिक्षकाने टेबलावर लेझमीचा अर्धा ठेका वाजवावा आणि मुलांनी उरलेला अर्धा बाकावर पुरा करून हातातले खाली ठेवावे. आठवडाभराच्या सरावाने हे अंगवळणी पडते. जुलैत मात्र हाही उपाय चालत नाही. बेळगावचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की पहिल्या बाकालाही काही ऐकू येत नाही. म्हणून लेखी कामे, नकाशे आणि शुद्धलेखन जुलैसाठी राखून ठेवावे, आणि वाचनाचे व पाठांतराचे तास जूनमध्येच उरकावेत. वार्षिक नियोजनाच्या छापील तक्त्यात पावसाला रकाना नसतो.

निपाणीकडची अडचण निराळी. तेथे अनेक घरांत आई विड्या वळते, आणि सहावी-सातवीतली मुलगी घरी पोहोचली की पाने कापायला बसते. तिला घरचा अभ्यास देणे म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला वर्गात खोटे बोलायला लावणे. आम्ही अभ्यास शाळेतच शेवटच्या तासाला करून घेऊ लागलो. गणितात मात्र तिच्या घरचे ज्ञान आणता येते. मजुरी हजार विड्यांवर ठरते. साडेसातशे विड्या झाल्या तर किती पैसे, शेकडा चार बाजूला काढल्या तर हातात किती, ही शेकडेवारी तिला पुस्तकातल्या आंब्यांच्या पेट्यांपेक्षा लवकर उमगते. आकडे मात्र काल्पनिक घ्यावेत. तुझ्या आईला किती मिळतात, असे भर वर्गात विचारू नये.

यातले बरेचसे नवे नाही. कोल्हापुरात १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले, तेव्हापासून मुलाच्या अनुभवाला वर्गात जागा देण्याचा विचार आमच्या शेजारी जिवंत आहे. इकडे कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून 'नलि-कलि' निघाली. आनंदाने शिक, असा तिचा अर्थ. त्या पद्धतीत पहिली ते तिसरीची मुले गटाने, कार्डांवर शिकतात. चौथीत ती अचानक रांगेत बसतात आणि पाचवीपर्यंत त्यांची जीभ आखडते. म्हणून पाचवीच्या पहिल्या महिन्यात बाके भिंतीला लावून वर्तुळात बसवावे, असे आमचे मत आहे. चांगली रीत सीमेच्या कोणत्या बाजूने आली, हे मुलांना विचारावेसे वाटत नाही.

पटसंख्येचा प्रश्न राहिला. शेजारच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गल्लीत येऊन मुले घेऊन जाते, आणि आमची पत्रके त्या गाडीपुढे टिकत नाहीत. गेली काही वर्षे आम्ही फेब्रुवारीत सातवीच्या मुलांना अंगणवाडीत पाठवतो. प्रत्येकाने एकेका बालकाला मांडीवर घेऊन एक गोष्ट मराठीत वाचून दाखवायची आणि नंतर तीच कन्नडमध्ये, इंग्रजीत सांगायची. आया दारात उभ्या राहून ऐकतात. गेल्या जूनमध्ये पहिलीत नाव घालायला आलेल्या एका आईने मुख्याध्यापकांना शाळेविषयी काहीच विचारले नाही. गोष्ट सांगणारी ती मुलगी आता कोणत्या शाळेत आहे, एवढेच विचारले.