सर्कशीचा झोत

मी तिसरीत असेन. भातकापणी उरकली होती. अण्णा रात्री खळ्यावर राखणीला जायचे आणि मी हट्ट करून त्यांच्यामागे. खळ्यावर एक कंदील, बाकी चहूकडे काळोख. एके रात्री अण्णांनी मला हलवून उठवलं आणि कल्याणच्या अंगाला बोट दाखवलं. आभाळात पांढरा पट्टा उभा होता. तो सावकाश कलला, पार पलीकडे गेला, पुन्हा फिरून आला.

“कल्याणला सर्कस लागलीय,” अण्णा म्हणाले.

कल्याण आमच्या वाशिंदपासून रेल्वेने पंचवीसेक किलोमीटर. सर्कस काही आम्हाला बघायला मिळाली नाही, तेवढे पैसे घरात नव्हते. पण तिचा मुक्काम हलेपर्यंत मी रोज रात्री तो झोत बघितला.

तीन वर्षांपूर्वी हायवेलगतच्या एका भंगारवाल्याकडे मी जुना लोखंडी चॅनेल शोधायला गेलो होतो. कोपऱ्यात पत्र्यांच्या ढिगाखाली दोन चाकांची ट्रॉली दिसली. तिच्यावर बैलगाडीच्या चाकाएवढ्या तोंडाचा लोखंडी ढोल, दोन बाजूंनी कानांवर टांगलेला. मी पत्रा सरकवून आत हात घातला, तर बोटांना गार काच लागली. चिंधीने थोडं पुसलं आणि त्या गोल आरशात माझंच तोंड उलटं, भलंमोठं दिसलं. बंद पडलेल्या सर्कशीच्या सामानात हा सर्चलाइट आला, भंगारवाला म्हणाला. १९९८ साली सरकारने वाघ, सिंह, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि त्यानंतर सर्कशी एकेक करून मिटत गेल्या. मुक्या जनावरांसाठी ते झालं ते बरंच झालं. हा दिवा मात्र त्या पडझडीत किलोच्या भावावर आला होता. मी भाव न करता घेतला.

आरसा मोजला, नव्वद सेंटीमीटर भरला. विमानं हुडकण्यासाठी ब्रिटिश सैन्य हे माप सर्रास वापरत असे. अमेरिकनांचे दिवे त्याहून मोठे, साठ इंची. ७८ व्होल्टवर १५० अँपिअर ओढणारे, ऐंशी कोटी कँडलपॉवरचे. दुसऱ्या महायुद्धात रडार पुढे आलं, युद्ध संपता संपता या दिव्यांचं काम सरलं आणि ते जगभर लिलावात निघाले. कुणी सिनेमाच्या उद्घाटनासाठी घेतले, कुणी सर्कशीसाठी. आमच्या दिव्यावरची पट्टी झिजून गुळगुळीत झाली होती. तो कुठल्या पलटणीचा, हे सांगणारं एकही अक्षर उरलं नव्हतं.

ट्रॉलीचं काम आमच्या हातचंच. पाटे उघडून झटकले, हबची बेअरिंगं बदलली, ग्रीस भरलं, जीपचे जुने टायर चढवले. ढोलाचे कान गंजून जाम झाले होते. त्यांना रोज सकाळी रॉकेल पाजायचं आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं, असे सोळा दिवस गेले. सतराव्या दिवशी ढोल एका बोटाने फिरला. दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पुढे सरकवणारी छोटी मोटर मी एका दुकानात रिवाइंडिंगला दिली होती. ती लावताक्षणी जळली. त्या दुकानाची पायरी दुसऱ्यांदा चढलो नाही. त्या जागी मी हाताने फिरवायचा स्क्रू बसवला. लेथवर आटे पाडले, मुठीला सागाचं लाकूड लावलं.

खरा प्रश्न आरशाचा होता. कडेकडेने पारा उडून काळे डाग पडले होते. दोघा जाणत्यांनी सगळा पारा खरवडून नवा चढवायला सांगितलं. मी दोन महिने विचार केला आणि नाही म्हटलं. काच एकसंध होती, मधला पारा चांदीसारखा लखलखत होता आणि खरवडताना एक ओरखडा गेला असता तर भरून निघाला नसता. रिठ्याचं पाणी आणि मऊ कापूस घेऊन पुढची बाजू धुतली. मागून डागांच्या कडांना रंगाचा हात दिला, म्हणजे ओल आणखी आत शिरू नये. थोडा उजेड गेला, तो जाऊ दे.

मग आरशाचा नाभीबिंदू शोधायचा होता. सकाळी नऊच्या उन्हात ढोलाचं तोंड सूर्याकडे केलं, डोळ्यांवर वेल्डिंगची काळी काच लावली आणि लांब सळईच्या टोकाला सागाचं वाळलेलं पान अडकवून आत धरलं. पान मागेपुढे करत गेलो. एका जागी पानावर रुपयाएवढा पांढरा ठिपका आला, मिरीएवढा झाला आणि पान धूर सोडून पेटलं. आरशाच्या मध्यापासून जेमतेम सव्वा फूट. ज्योत तिथे ठेवली की किरण समांतर निघतात, चार बोटं इकडेतिकडे झाली की झोत फिसकटतो. त्या दिवसापासून दिवसा ढोलावर ताडपत्री असते. उघडा राहिला तर ऊनच आतलं सगळं जाळून टाकील.

या दिव्यात तार नाही की बल्ब नाही. दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींना टेकवायच्या आणि जराशा दूर करायच्या. मधल्या फटीत जी ज्वाला धरते ती, म्हणजे वेल्डिंगचीच बहीण. धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि मुख्य उजेड त्या खळग्यातून येतो. कांडीच्या गाभ्यात सिरियमचे क्षार भरले की उजेड आणखी शुभ्र होतो. ही युक्ती जर्मनीच्या हाइनरिक बेकची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. मूळ मापाच्या कांड्या मिळणं शक्यच नव्हतं. पण सिनेमाची जुनी प्रोजेक्टरं याच ज्वालेवर चालायची. बंद पडलेल्या एका थिएटरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरकाकांनी माळ्यावरून एक खोका काढून दिला. आत तांब्याचा मुलामा दिलेल्या आठ आणि सात मिलिमीटरच्या कांड्या. पैसे घेईनात. म्हणाले, “पेटवशील तेव्हा मला घेऊन जा, बस.” त्या कांड्यांना पन्नास-साठ अँपिअर पुरतात, तेवढे वेल्डिंगच्या डिझेल सेटमधून निघतात.

भातसा नदीच्या काठचं आमचं शेत कापून मोकळं झालं तेव्हा ट्रॉली तिथे नेली. पोलीस ठाण्यात आधी अर्ज दिला. रूळही जवळच. कल्याणहून निघालेली रेल्वे १८५५ साली वाशिंदला येऊन थांबली होती, पुढे आसनगाव गाठायला १८६० उजाडलं. आज त्याच मार्गावर रात्रभर गाड्या धावतात, मोटरमनच्या डोळ्यांत झोत जाता कामा नये. म्हणून ढोलाला लोखंडी अटकाव जोडला. रुळांच्या बाजूला तो वळतच नाही. पोरांना झोत माहुली किल्ल्याच्या सुळक्यांवर टाकायचा होता. ते रान तानसा अभयारण्यातलं, तिथल्या पाखरांची झोप कशाला मोडायची? मी नको म्हटलं.

पहिल्या रात्री मी वायरी उलट जोडल्या. उजेड पिवळा, फडफडता, आणि ज्वाला सापासारखी फुसफुसत होती. काका लांबूनच ओरडले, “अरे, प्लस-मायनस बघ!” वायरी बदलल्या तर पुढची काच तडकली. सर्चलाइटची पुढची काच अखंड नसते. उष्णतेने फुगायला वाव मिळावा म्हणून उभ्या पट्ट्या जोडून केलेली असते. हरवलेल्या दोन पट्ट्यांच्या जागी मी खिडकीची काच घट्ट ठोकून बसवली होती. चूक माझीच. उष्णता सोसणारी काच मिळवून, कडेला जराशी फट ठेवून ती बसवायला महिना गेला.

पौषात पुन्हा पेटवला. काकांनी कांड्या टेकवल्या, दूर केल्या. ओझोनचा तो तिखट वास आला आणि ज्वाला स्थिर झाली. मी दिव्याला खेटून उभा होतो आणि मला काहीच दिसेना! धुरकट पांढरेपणा तेवढा. युद्धात दिवा हलवणारा माणूस लांब दांड्याच्या टोकाला का उभा राहायचा, ते तेव्हा कळलं. मी मूठ दुसऱ्याच्या हाती दिली आणि बांधाबांधाने चालत खळ्याच्या जागेपर्यंत गेलो. नदीवर धुकं उतरलं होतं. झोत दिसतो तो त्या धुक्याच्या, धुळीच्या कणांमुळेच. निवळ हवेत तो जवळून जातो तरी पत्ता लागत नाही. वळून पाहिलं. पट्टा उभा होता, सावकाश कलत होता. कडेचे किडे त्यात ठिणग्यांसारखे चमकत होते.

खडवलीच्या माहेरी गेलेल्या माझ्या पुतणसुनेचा फोन आला. “काका, आमच्या आळीतली सगळी बाहेर आलीत. विचारतायत, सर्कस कुठे लागलीय?”

मी सांगितलं, वाशिंदला.

बारा मिनिटांनी कांड्या संपत आल्या. डिझेल सेट बंद केला. ढोलाच्या आत धन कांडीचं टोक बराच वेळ लाल राहिलं, मग राखाडी झालं. काकांनी ते थोटूक चिमट्याने काढलं, थंड केलं आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. खोक्यात अजून अकरा जोड्या आहेत.