तेल कुठे घालावे?

यंदाच्या पावसाने भाईंदर पश्चिमेतल्या आमच्या सोसायटीच्या आवाराला असे शेवाळ चढवले, की रखवालदाराचे दोन खराटे झिजले तरी ते हलेना. तळमजल्यावरच्या आजी घसरून मनगटाला प्लॅस्टर घालून आल्या, तेव्हा सगळे जागे झाले. दिवाळी तोंडावर आलेली. मी ऐटीत म्हटले, "उत्तनला आमचा एक नाखवा आहे. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारा प्रेशर वॉशर आहे. बोटीच्या बुडाला चिकटलेली शिंपली उडवतो तो त्याने. मी आणतो मागून."

नाखव्याने आढेवेढे न घेता यंत्र दिले. जुने, काळे झालेले तेल त्याने आदल्या दिवशीच काढले होते. नवे तेल बाटलीत भरून हाती देत म्हणाला, "मास्तर, आधी हे टाका, मगच चालू करा." कुठे टाका, ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून १९८२ साली घेतलेली चेतक मी २० वर्षे चालवलेली. लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, हे गणित मला झोपेतही येत होते!

टाकीत पेट्रोल ओतले, मापाने तेल सोडले आणि दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला यंत्र फडफडले, निळसर धूर निघाला. त्या वासाने मला आमचे नव्या संसाराचे दिवस आठवले. तेवढ्यात सौभाग्यवती बाटली हातात धरून म्हणाल्या, "अहो, चमचा-दोन चमच्यांसाठी त्याने अर्ध्या लिटरहून जास्त तेल कशाला दिले असेल?"

मी झटकन यंत्र बंद केले. खाली, इंजिनाच्या बुडाशी, एक पिवळे झाकण होते. ते फिरवले तर पट्टी बाहेर आली. अगदी कोरडी!

चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोल पिस्टनखालच्या पोटातूनच वर जाते आणि सोबतचे तेल तिथल्या भागांना लागते. हे यंत्र होते फोर-स्ट्रोक. त्याच्या पोटात पेट्रोल उतरतच नाही. तिथे तेल वेगळे भरायचे आणि फिरते भाग ते उडवून एकमेकांना माखतात. आणखी थोडा वेळ ते तसे चालले असते, तर पिस्टन जागीच अडकला असता. दुसऱ्याच्या पोटापाण्याची वस्तू!

हात थरथरत होते. पण तापल्या इंजिनाजवळ पेट्रोल उघडायचे नाही, एवढे भान उरले होते. ते पूर्ण निवेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. मग टाकी रिकामी केली, यंत्र सपाट फरशीवर ठेवले आणि पिवळ्या झाकणातून तेल घातले. पट्टी पुसून पुन्हा पाहिली. वरच्या खुणेपर्यंत तेल आले होते. टाकीत या वेळी निव्वळ पेट्रोल. यंत्र सुरू झाले. थोड्या वेळाने धूर विरला आणि संध्याकाळपर्यंत फरशीचा मूळ लाल रंग दिसू लागला. आजी गॅलरीतून कौतुक करत होत्या. मला मात्र ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी उत्तनला जाऊन नाखव्याला सगळे सांगून टाकले. तो काही बोलला नाही. त्याने पट्टी काढून पाहिली, यंत्र चालू केले आणि मान तिरकी करून बराच वेळ आवाज ऐकत राहिला. मग बंद करून म्हणाला,

"पुढल्या वर्षी मास्तर, मीच येतो घेऊन."