पडवीतला पाहुणा

अब्बांच्या इंतकालाला अजून वर्षही झाले नव्हते. त्यांचे बहुतेक फोटो घरच्या कॉम्प्युटरवरच होते. मुलीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी फोटोची साइज कमी करायची होती, म्हणून मी नेटवरून एक फुकटचा प्रोग्राम डाउनलोड केला आणि चालू केला. दुसऱ्या दिवशी एकही फोटो उघडेना. फाइलींची नावे बदललेली आणि स्क्रीनवर पैशांची मागणी! पैसे मी दिले नाहीत. आपाच्या पेनड्राइव्हवर थोडे फोटो होते, तेवढेच वाचले. अम्मी मला एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागले.

भाचा म्हणाला, "मामू, ब्राउझरचा काही दोष नाही. क्रोम २००८ साली आला तेव्हापासून त्यात वेबसाइट कुंपणाच्या आतच चालते. पण ती फाइल तुम्ही स्वतःच्या हाताने कुंपणाबाहेर काढून चालवलीत."

मग त्याने 'सँडबॉक्सी' नावाचा प्रोग्राम बसवून दिला. तो २००४ साली इंटरनेट एक्सप्लोररसाठी बनला होता, २०२० पासून त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत २०१९ पासून 'विंडोज सँडबॉक्स' मिळतो, पण आमच्याकडे होम आवृत्ती आहे.

आपल्याकडे अनोळखी माणसाला पडवीत बसवतात, पाणी देतात. माजघरात नेत नाहीत. हेही तसेच. ब्राउझर या पेटीत उघडला की त्यातून उतरलेली फाइल पेटीतच राहते, तिथेच चालवली तर तिने केलेले बदलही तिथेच राहतात. पेटी रिकामी केली की सगळे साफ. हवी तेवढी फाइल आपण विचार करून बाहेर काढायची.

पण पेटीवर सगळा भार टाकू नये. पेटीतला प्रोग्राम बाहेरच्या फाइली बदलू शकत नसला, तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये त्या वाचू शकतो. म्हणून बँकेचे काम करण्याआधी मी पेटी रिकामी करतो. आणि ओटीपी आपणच कुणाला सांगितला, तर कोणती पेटी वाचवणार?

उरलेल्या फोटोंची एक प्रत आता वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे. ती कॉम्प्युटरला जोडून ठेवत नाही. ती असते अम्मीच्या कपाटात, अब्बांच्या चष्म्याशेजारी.