नाटक संपल्यावरही थांबणारी गावं

मार्च उजाडला की आयर्लंडच्या आडवळणाच्या रस्त्यांवर नेपथ्याने भरलेले टेम्पो आणि ट्रेलर दिसू लागतात. हिवाळाभर तालमी करून बसवलेलं नाटक घेऊन गट निघतात, आज या गावात, शनिवारी त्या. हौशी नाट्यमहोत्सवांचा हा हंगाम. तो पाहायचाच या ओढीने डब्लिनला भाचीकडचा मुक्काम आटोपला आणि कॉनोली स्टेशनवर स्लायगोची गाडी पकडली.

तीन तासांचा प्रवास. मलिंगर, लाँगफर्ड, कॅरिक-ऑन-शॅनन अशी स्टेशनं मागे पडत गेली. बाहेर ओली कुरणं, दगडी गडगे, नुकती जन्मलेली कोकरं. स्लायगोहून गॉलवेकडे जाणाऱ्या बसने टबरकरीला उतरले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. पण इथला वेस्टर्न ड्रामा फेस्टिव्हल 1944 पासूनचा. देशात धड वीज पोचलेली नव्हती, ग्रामीण विद्युतीकरणाची योजना 1946 साली सुरू झाली, त्याच्याही आधीचा!

सेंट ब्रिजिड्स हॉलमध्ये दुपारीच गेले. त्या रात्री दुसऱ्या परगण्यातला एक गट ब्रायन फ्रीलचं ‘डान्सिंग अॅट लुनासा’ करणार होता. 1936 सालच्या डोनेगलमधल्या पाच अविवाहित बहिणींची ही गोष्ट. घरात नवा आलेला रेडिओ लागतो आणि स्वयंपाकघरातच त्या बेभान होऊन नाचतात, हा नाटकाचा गाभा. गटातली माणसं सकाळपासून ते स्वयंपाकघर उभं करत होती. प्लायवूडची चूल, खरी किटली, पिठाने माखलेलं टेबल. एक शिक्षिका, एक परिचारिका, दोन शेतकरी, एक वायरमन, सगळे रजा टाकून किंवा कामं उरकून आलेले. त्यांच्या गावच्या रंगमंचापेक्षा इथला रंगमंच अरुंद होता. मग पाचही जणींनी जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावून नाचाची जागा नव्याने आखली. टेबलाला वळसा घालताना एक पाऊल कमी पडत होतं. तेवढ्या एका पावलासाठी तो नाच पुन्हा पुन्हा झाला. संगीत नव्हतं, तोंडाने ताल मोजणं चाललं होतं, अंगावर कोट तसेच होते. शेवटी चूलच वीतभर मागे सरकवली, तेव्हा कुठे सगळ्यांचे चेहरे सैलावले.

रात्री हॉल गच्च भरला. दारात तिकिटांचं टेबल, त्याला लागूनच रॅफलची तिकिटं. मध्यंतरात चहा, सँडविच आणि रॅफलची सोडत. प्रयोग उत्तम झाला. नाच सुरू झाला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या आजीबाईंचे पाय जमिनीवर ठेका धरत होते. दुपारी ज्या पावलासाठी एवढा खटाटोप झाला, ते कुणाला दिसलंही नाही. इतकं ते सहज पडलं.

पडदा पडला, टाळ्या झाल्या, आणि मी ज्याच्यासाठी इतक्या लांब आले होते ते सुरू झालं. कुणी उठलंच नाही. परीक्षक टिपणवही घेऊन रंगमंचावर आले आणि त्या रात्रीच्या प्रयोगावर सगळ्यांसमोर बोलू लागले. आधी नाटककाराला काय म्हणायचं आहे ते, मग दिग्दर्शन, मग एकेका भूमिकेचा हिशेब. थोरल्या बहिणीच्या कडकपणामागची भीती नटीने नेमकी पकडली, हे त्यांनी तिच्या हातांच्या हालचाली सांगून दाखवून दिलं. मग दोष. रेडिओचं संगीत टेबलावरच्या रेडिओतून यायला हवं होतं, ते हॉलच्या भिंतींवरच्या स्पीकरमधून आलं. त्यामुळे ज्या क्षणी घर जिवंत व्हायचं, त्याच क्षणी आवाज घराबाहेर गेला. दुसऱ्या अंकात प्रकाश फार लवकर मावळला. हे सगळं आर्जवाने सांगितलेलं, पण भीड न धरता. गटातली मंडळी विंगेत उभी राहून ऐकत होती आणि प्रेक्षक माना डोलवत होते. नंतर आत बसून परीक्षक गटाशी वेगळे बोलले. मध्यरात्रीच्या सुमारास स्वयंपाकघर पुन्हा फळ्याफळ्यांनी गाडीत चढलं. सकाळी त्यातल्या प्रत्येकाला कामावर हजर व्हायचं होतं.

हौशी नाट्यमहोत्सवांची ही परंपरा रुजायला कारणं झाली. ईस्टरआधीच्या लेंट या उपवासकाळात कॅथलिक आयर्लंडमध्ये नाचाचे कार्यक्रम बंद असत. हॉल रिकामे, रात्री लांब, शेतीची धांदल अजून दूर. नाटकाला मात्र मोकळीक होती. त्याआधीपासून फिरत्या कंपन्यांनी खेड्यांना नाटकाची गोडी लावलेलीच होती. अन्यू मॅकमास्टरची कंपनी लहानलहान गावांत शेक्सपिअर करायची, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण हॅरॉल्ड पिंटर तिच्यात नट होता. अॅबी या राष्ट्रीय नाट्यगृहाची मुळंही हौशी मंडळींतच आहेत. 1904 साली ते उघडलं तेव्हा तिथे नाटकं बसवणारे फे बंधू, एक कारकून आणि दुसरा इलेक्ट्रिशियन, दिवसाची नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमी घेत आले होते. याच देशातून 1950 च्या दशकात सुमारे 4 लाख माणसं पोटासाठी बाहेर पडली. गावं ओस पडत असताना हॉलमधले दिवे लागत राहिले, हे मला फार मोलाचं वाटतं.

टबरकरीहून दक्षिणेला निघाले. गॉलवेला आणि लिमरिकला बस बदलत केरी परगण्यातलं लिस्टोवेल गाठलं. फील नदीकाठचं हे गाव म्हणजे नाटककार जॉन बी. कीनचं गाव. त्याचा पब अजून उघडा आहे. 1958 साली लिस्टोवेल ड्रामा ग्रुपने केलेलं जोसेफ टोमेल्टीचं एक नाटक या पबमालकाने पाहिलं, आणि त्याच रात्री घरी येऊन ‘साइव्ह’ लिहायला घेतलं, असं सांगतात. पोरकी शाळकरी मुलगी, तिचं म्हाताऱ्या शेतकऱ्याशी पैशांसाठी ठरवलेलं लग्न, आणि दारोदार गात फिरणारे दोघे भटके, जे गावाच्या तोंडावर गावाचं पाप म्हणून दाखवतात. अॅबीने हे नाटक नाकारलं. लिस्टोवेलच्या गटाने ते 2 फेब्रुवारी 1959 रोजी गावातल्या वॉल्श बॉलरूममध्ये उभं केलं आणि महोत्सवांच्या वाटेला लावलं. गावांमागून गावं ते पाहायला लोटली. त्याच वर्षी अॅथलोनला भरणाऱ्या अखिल आयर्लंड नाट्यमहोत्सवाच्या अंतिम फेरीत ते पहिलं आलं आणि अॅबीने त्याच हौशी गटाला आठवडाभराच्या प्रयोगांसाठी बोलावलं. अॅबीने स्वतः ते नाटक करायला 1985 साल उजाडलं.

पबच्या काउंटरशी उभी राहून मी हाच विचार करत होते. राजधानीतल्या जाणत्यांना जे दिसलं नाही, ते खेड्यांना कसं दिसलं? गोष्ट त्यांच्या घरातली होती, हे खरंच. पण मला वाटतं, ती माणसं वर्षानुवर्षं हॉलमध्ये थांबून नाटकावरचं बोलणं ऐकत आलेली होती. एखादा प्रवेश का चढला, का पडला, याची कारणं त्यांच्या कानांवर पडत होती. तशा ऐकण्यातून नजर तयार होते.

मे महिन्यात अॅथलोनला गेले. डब्लिनहून दीडेक तासाच्या अंतरावर, देशाच्या मधोमध, शॅनन नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलं गाव. 1953 पासून अखिल आयर्लंड नाट्यमहोत्सवाची अंतिम फेरी इथे भरते. हंगामातल्या महोत्सवांतून मिळवलेले गुण धरून ओपन विभागातले सर्वांत वरचे नऊ गट इथे येतात. डीन क्रो थिएटरमध्ये नऊ रात्री नऊ नाटकं, उत्तर आयर्लंडमधले गटही त्यात येतात. नवख्या गटांसाठी कन्फाइन्ड हा वेगळा विभाग असतो, त्याची अंतिम फेरी दरवर्षी दुसऱ्या गावात होते.

इथला दर्जा पाहून मी थक्क झाले. नेपथ्य, प्रकाश, वाचिक अभिनय, कुठेच हात राखलेला नाही. पण सगळ्यांत भिडलं ते इथलंही थांबणंच. मोठं थिएटर, बाहेर वसंतातली लांबलेली संध्याकाळ, तरी प्रयोगानंतर खुर्च्या भरलेल्याच. शेजारच्या बाईंनी, निवृत्त शिक्षिका होत्या, परीक्षक बोलायच्या आतच मला आपला निकाल सांगितला. दिग्दर्शकाने शेवटचा प्रवेश घाईत आटोपला, म्हणाल्या. पाच मिनिटांनी परीक्षकांनीही तेच सांगितलं. बाईंना त्याचं काहीच विशेष वाटलं नाही. चाळीस वर्षं हे ऐकत आलेय, एवढंच म्हणाल्या.

आपल्या राज्य नाट्य स्पर्धेने मराठी रंगभूमीला केवढं दिलं! तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली ‘रंगायन’ने त्याच स्पर्धेत केलं. रत्नागिरी, सांगली, चंद्रपूरच्या केंद्रांवर आजही नोकरी सांभाळून, पदरमोड करून नाटकं उभी राहतात. पण मी पाहिलेल्या स्पर्धांत प्रयोग संपला की परीक्षक वही मिटून निघून जातात, आणि गटाच्या हाती उरते ती निकालाची यादी. कुठे कमी पडलो, ते कळतच नाही. प्रेक्षकाच्या हाती तर तीही यादी पडत नाही. आयर्लंडच्या गावांनी ऐंशी वर्षांत दाखवून दिलंय, की हौशी नटाला मोकळेपणाने दोष सांगणं हाच त्याच्या मेहनतीचा मान आहे, आणि दोष सगळ्यांदेखत सांगितले तर प्रेक्षकही घडतो. प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक प्रयोगानंतर, परीक्षकांनी वीस मिनिटं रंगमंचावर यावं. त्याला नवं थिएटर लागत नाही की मोठं अनुदान लागत नाही. प्रेक्षक थांबतील का, अशी शंका कुणी काढेल. सुरुवातीला थोडे थांबतील. टबरकरीतही पहिल्याच वर्षी सगळी नजर तयार झाली नसणार.