गाडी बदलण्याचं गाव

'तू कुठला?' या प्रश्नाला फर्स्ट इयरला मी 'मुंबईचा' असं बिनदिक्कत उत्तर द्यायचो. खरं म्हणजे मी उरणचा. बंदराचे कंटेनर, ओएनजीसीची चिमणी, ट्रेलरची रांग आणि धूळ. असलं गाव कुणाला कौतुकानं सांगायचं?

धुळ्याला कॉलेज मिळालं आणि चाळीसगाव वाट्याला आलं ते फक्त गाडी बदलायला. मेन लाइनवर उतरायचं, चहा मारायचा, धुळ्याची गाडी पकडायची. ही ब्रांच लाइन 1900 सालची. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं लोक इथे उतरतात आणि गावाकडे पाठ करून निघून जातात. त्यांत मी एक! रूमपार्टनर चाळीसगावचाच. मी त्याला 'काय रे जंक्शन' म्हणून चिडवायचो, तो बिचारा हसायचा.

फेब्रुवारीत थर्ड सेमचा रिझल्ट लागला. एम-थ्री उडाला. घरी फोन करायची हिंमत होईना. पार्टनर म्हणाला, "चल भो, दोन दिवस आमच्याकडे."

त्याच्या आईनं कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत वाढलं. माझा घास घशाखाली उतरेना. काकू म्हणाल्या, "जेव ना भाऊ, निकाल काय पळून जातो का?" त्यांना सगळं माहीत होतं तर!

दुसऱ्या दिवशी तो मला स्टेशनजवळच्या एका जुन्या बंगल्यात घेऊन गेला. केकी मूस यांचं घर. 1912 साली मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत लंडनला शिकून आला आणि चाळीसगावच्या या घरात पन्नासेक वर्षं जवळजवळ कोंडून घेतल्यासारखा राहिला. 1989च्या शेवटच्या दिवशी गेला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश टाकून असे फोटो काढायचा की खरं दृश्यच वाटावं. त्याला टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात. रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला तो कुणाची तरी वाट बघत दार उघडं ठेवायचा, अशी गोष्ट गावात सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण ज्या मेन लाइनच्या गाड्या मी फक्त लेट आहेत म्हणून शिव्या घालत मोजल्या, त्याच लाइनवर कुणी आयुष्यभर कान लावून बसला होता!

तिथून बाइकवर पाटणादेवी. सातमाळ्याच्या डोंगराखाली, गौताळ्याच्या जंगलात काळ्या दगडाचं देऊळ. पार्टनर म्हणाला, "हे तुझं एम-थ्रीचं माहेर." पाटणच्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. साल 1207. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथे गणिताचं हॉस्टेलच होतं म्हणा! ग्रहाची त्या क्षणाची गती कशी काढायची याचा विचार भास्कराचार्यांनी 1150 सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त केला. आपण ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणून घाबरतो, त्याच्याच वाटेवरची ही गोष्ट. त्या मठातही एखादा विद्यार्थी गणितात अडकून पायरीवर बसला असेलच की. मी तिथल्याच पायरीवर बसून पप्पांना फोन लावला.

पप्पा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "जेवलास का? पुढच्या वेळी काढ."

परत येताना पार्टनरनं विचारलं, "तुझ्या गावात काय आहे रे?" मी 'काही नाही' म्हणणार, तेवढ्यात आठवलं. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच. संध्याकाळी करंजाला लागणाऱ्या होड्या. मिठागरांतले फ्लेमिंगो. द्रोणागिरीवरून रात्री दिसणारे बंदराचे दिवे. 1930 साली जंगल सत्याग्रहात गोळ्या झेललेलं चिरनेर. बोलता बोलता चाळीसगाव कधी आलं कळलंच नाही.

एम-थ्री पुढच्या सेमला निघाला, काठावर. पार्टनर मे महिन्यात उरणला येतोय. आणि 'कुठला?' म्हणून कुणी विचारलं तर आता मी सरळ सांगतो, उरणचा.

तुम्हीही कधी चाळीसगावला गाडी बदलाल. एखादी गाडी सोडून द्या. पुढची असतेच.